परदेशातली भाचरं आणि पावसाळ्यातलं जुन्नर

अमेरिकेतल्या शाळांना जूनमध्ये सुट्टी लागते आणि ऑगस्टच्या मध्यापासून त्या पुन्हा सुरू होतात. इंग्लंडमधली मुलं जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मोकळी होतात. आखाती देशांतल्या शाळाही जुलै-ऑगस्टमध्ये बंद असतात. त्यामुळे तिकडून ‘उन्हाळ्याच्या सुट्टी’साठी येणारी आपली भाचरं आणि पुतणे-पुतण्या इथं उतरतात ते थेट पावसात. आंबे संपलेले असतात. अंगणात झोपणं, विहिरीत पोहणं, रानात भर दुपारी हुंदडणं असं जे काही आईबाबांकडून ऐकलेलं असतं, त्यातलं काहीच हाती लागत नाही. मग बहुतेक घरांत ठरलेला बेत होतो. शहरातल्या नातेवाइकांकडची जेवणं, खरेदी आणि एखादा दिवस लोणावळ्याला जाऊन गाडीच्या काचेतून पाहिलेलं धुकं. गावाकडं जायचं निघालं की घरातलं कोणीतरी म्हणतं, “एवढ्या चिखलात कुठं नेता पोरांना?”

माझं म्हणणं असं, की न्यायचंच असेल तर याच दिवसांत न्या. मे महिन्यातलं गाव थंडावलेलं असतं. जुलैत शेतात माणसं कामाला लागलेली असतात आणि बारा-पंधरा वर्षांच्या मुलाला तिथं हात घालायला जागा असते. या वयाच्या मुलांना नुसतं काही दाखवत फिरलं की ती दुसऱ्या दिवशीच कंटाळतात. काम दिलं की रमतात. पुढचं सगळं मी जुन्नर तालुक्याच्या अनुभवावरून लिहितो आहे. मावळ, वेल्हे, अकोले, इगतपुरी, राजापूर असं तुमचं गाव जिथं असेल तिथं ते थोड्या फरकानं लागू पडेल.

जुन्नर निवडण्याचं एक कारण सोयीचं आहे. पुण्याहून शंभर किलोमीटरच्या आत हा तालुका येतो, आणि मुंबईकडून यायचं तर माळशेज घाटातून येता येतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. पश्चिमेला नाणेघाटाकडं धो धो पाऊस, भाताची खाचरं, हिरड्याची झाडं आणि महादेव कोळ्यांच्या वाड्या आहेत. तिथून पूर्वेला तास-दीड तास गाडी हाकली की कांदा, टोमॅटो, द्राक्षं, ऊस आणि पावसाची वाट बघणारी कोरडवाहू रानं लागतात. एका तालुक्यात महाराष्ट्राची दोन हवामानं. सातवीतल्या मुलालाही हा फरक डोळ्यांनी कळतो.

आता बेताचं बघू. मुंबईला विमान उतरल्यावर लगेच गाव गाठू नका. न्यूयॉर्कच्या घड्याळापेक्षा आपलं घड्याळ त्या दिवसांत साडेनऊ तास पुढं असतं, कॅलिफोर्नियाच्या साडेबारा तास. मुलं पहाटे तीनला टक्क जागी होतात आणि संध्याकाळी पाचला पेंगायला लागतात. दोन-तीन दिवस शहरात काढा. त्यानंतरही ती पहाटे उठतच असतील, तर त्याचा गावात छान उपयोग होतो. साडेपाच-सहाला दूध डेअरीवर घेऊन जा. किटल्या घेऊन आलेली माणसं रांगेत असतात. दूध मोजलं जातं, चमचाभर नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफचे आकडे दिसतात आणि लिटरचा भाव त्यावर ठरतो. आपल्या फ्रीजमधल्या दुधाच्या कॅनमागं काय असतं, याचा विचार न केलेलं मूल तिथं बरोबर प्रश्न विचारायला लागतं. संध्याकाळचे कार्यक्रम मात्र पहिल्या आठवड्यात टाळा. पेंगणाऱ्या मुलाला पंगतीत बसवून “जेव ना, जेव ना” करण्यात कोणाचंच भलं नाही.

गावात किमान चार रात्री एकाच घरी राहा. आपलं घर नसेल तर कृषी पर्यटन केंद्रं आहेत, पण बुकिंगआधी दोन गोष्टी फोनवर स्पष्ट विचारा: कमोडचं शौचालय आहे का, आणि वीज गेली तर पाण्याची सोय काय. पावसाळ्यात खेड्यात वीज जातेच. परदेशी पासपोर्टवर आलेल्या पाहुण्याची मुक्कामाच्या ठिकाणी सरकारी संकेतस्थळावर नोंद करावी लागते. ही जबाबदारी उतरवून घेणाऱ्याची असते आणि ती २४ तासांत पुरी करायची असते. आपल्या घरी उतरलेल्या नातेवाइकांनाही हा नियम चुकत नाही, त्यामुळे ओसीआय कार्ड असलं तरी आधी चौकशी करून ठेवा.

दिवसाला एकच ठिकाण. अष्टविनायकांपैकी लेण्याद्री आणि ओझर हे दोन गणपती याच तालुक्यात आहेत, म्हणून लोक एका दिवसात दोन्ही देवळं, शिवनेरी आणि नाणेघाट उरकतात. मुलांच्या डोक्यात संध्याकाळी फक्त पायऱ्या उरतात.

चार दिवसांतला एक अख्खा दिवस भाताच्या लावणीला द्या. हा दिवस जमला तर बाकी काही नाही जमलं तरी चालेल, इतकी मी त्याला किंमत देतो. पश्चिम पट्ट्यात साधारण जुलैभर लावणी चालते, पण नेमकी तारीख पाऊस ठरवतो. जूनमध्ये पेरलेलं रोप तीन-चार आठवड्यांचं झालं आणि खाचरात पाणी साठलं की चिखलणी होते, कुठं बैलांनी, कुठं पॉवर टिलरनं. बायका रोपं उपटून त्यांच्या मुठी बांधतात आणि खाचरात जागोजाग फेकून ठेवतात. मग ओळीनं लावणी सुरू होते. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि दोन बोटांनी त्यातल्या दोन-तीन काड्या सोडवायच्या, चिखलात रोवायच्या आणि मागं सरकायचं. काडी फार खोल गेली तर फुटवे कमी येतात, वरवर राहिली तर पाण्यावर तरंगायला लागते. पहिल्या दहा मिनिटांत मुलांची रोपं तरंगतात. एखादी मावशी येते, मुलीचा हात धरून बोट किती बुडवायचं ते दाखवते, एकही शब्द न बोलता. अर्ध्या तासानं ओळ सरळ यायला लागते. पाठ दुखायला लागते तेव्हा मूल मान वर करून बघतं, की बाकीच्या बाया सकाळपासून वाकलेल्याच आहेत. मोठ्यांनी तिथं काहीही समजावून सांगायची गरज नसते.

यात काही पथ्यं आहेत. लावणी हा शेतकऱ्याचा वर्षाचा सगळ्यांत घाईचा काळ. मजुरी लागलेली असते, पाणी आज आहे आणि उद्या नसेल. त्यामुळे आदल्या दिवशी विचारून जा, आणि मुलांसाठी एक कोपरा मागून घ्या, म्हणजे त्यांची वाकडी ओळ नंतर कोणीतरी नीट करू शकेल. सगळ्यांसाठी चहा आणि भजी घेऊन जा. काम करणाऱ्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, हे मुलांना आधीच सांगा. विचारलं तर बहुतेक जणी हसत हो म्हणतात. पायाला जखम असलेल्या मुलाला खाचरात उतरवू नका, कारण साठलेल्या पाण्यातून आणि चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. बाहेर आल्यावर साबणानं हातपाय धुवा. परत गेल्यावर महिनाभरात ताप आला, तर मूल भातखाचरात उतरलं होतं हे तिकडच्या डॉक्टरांना आवर्जून सांगायला त्याच्या आईबाबांना बजावून ठेवा. तिकडच्या दवाखान्यात ही शंका आपणहून येईलच असं नाही.

तारखा जुळल्या तर पालखीचा एक टप्पाही चाला. आषाढी एकादशी जूनअखेर ते जुलैअखेर कधीही येते, आणि पालख्या तिच्या अडीच-तीन आठवडे आधी देहू-आळंदीहून निघतात. मुलांना सगळी वाट चालवायची गरज नाही. तुकोबांच्या पालखीत काटेवाडीला होणारं मेंढ्यांचं रिंगण त्यांना फार आवडतं. भजनाचे शब्द कळोत न कळोत, टाळ हातात मिळाला की लय कळते. गर्दी प्रचंड असते, तेव्हा प्रत्येक मुलाच्या खिशात इथला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी हवी.

स्वयंपाकघर हा पावसाळ्यातला दुसरा मोठा आधार. बाहेर संततधार लागली की मुलं मोबाइलकडं वळतात, तेव्हा मासवडी करायला घ्या. जुन्नर-नारायणगाव भागातली ही खासियत. नावात मास आहे, पदार्थात नाही. तीळ, सुकं खोबरं, खसखस, कांदा, लसूण भाजून कुटायचा, त्यात कोथिंबीर घालायची. बेसन पिठल्यासारखं पण घट्ट शिजवायचं. ओलं फडकं पाटावर पसरून त्यावर गरम पीठ हातानं पातळ थापायचं, मधोमध सारण घालायचं, आणि फडक्याच्याच आधारानं दोन्ही बाजू दुमडून वरून दाबत माशासारखा निमुळता आकार द्यायचा. फडकं सोडवून वड्या कापल्या की आतलं काळपट सारण आणि बाहेरची पिवळी कड दिसते. पीठ गरम असताना थापावं लागतं, ते काम आजीचं. सारण पसरणं, फडकं दुमडणं आणि कापणं मुलांना द्या. आजीला इंग्रजी येत नाही आणि नातीला मराठी अर्धवट येतं, ही अडचण फडक्याची दोन टोकं दोघींच्या हातात आल्यावर पुष्कळ कमी होते. तर्री मात्र मुलांसाठी वेगळी आणि सौम्य ठेवा. बाजरीच्या भाकरीबरोबर नाहीच खाल्ली तर भाताबरोबर खातील. मागं लागू नका. याच दिवसांत करटोली, कुर्डू, टाकळा अशा रानभाज्याही मिळतात. त्या ओळखणाऱ्या बाईबरोबर तासभर रानात फिरणं मुलांना आवडतं, पण तिनं दाखवल्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही, हा नियम पक्का.

पूर्व भागासाठी एक दिवस ठेवा. सकाळी नारायणगावचा टोमॅटोबाजार बघा. वीस किलोच्या आसपास वजनाचे क्रेट, पिकअप गाड्यांच्या रांगा, क्रेटमधला टोमॅटो हातात घेऊन दाबून बघणारे व्यापारी. मुलांना शंभर-दोनशे रुपये देऊन तिथले भाव विचारायला लावा आणि येताना गावातल्या दुकानातून किलोभर टोमॅटो विकत घ्यायला सांगा. दोन भावांमधला फरक ती स्वतः काढतात. २०२३ च्या जुलैत किरकोळ बाजारात टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला होता, आणि इतर वर्षी हाच माल रस्त्याच्या कडेला ओतून द्यावा लागतो. हे दोन्ही मुलांना सांगा. शेतीचं चित्र फार गोड रंगवू नका आणि फार केविलवाणंही करू नका.

दुपारी खोडद. कांद्या-टोमॅटोच्या रानांमध्ये इथं जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या तबकड्या उभ्या आहेत. एकूण ३० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यातल्या १४ मधल्या चौकात आणि उरलेल्या १६ तीन दिशांना इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात दूरवर पसरलेल्या. कमी वारंवारतेच्या रेडिओलहरी टिपणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या दुर्बिणींमध्ये तिची गणना होते. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं ती उभी राहिली आणि पुण्याचं राष्ट्रीय रेडिओ खगोल भौतिकी केंद्र ती चालवतं. तबकडीचा पृष्ठभाग पत्र्याचा नसून बारीक तारांच्या जाळीचा आहे. त्यामुळे वारा आरपार जातो, वजन घटतं आणि खर्चही. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ ती वापरायला वेळ मागतात. खेडं म्हणजे मागासलेलं, ही समजूत मुलांच्या मनात अजून बसलेली नसते. बसायच्या आधीच खोडद दाखवलेलं बरं. आतून बघायचं तर आधी पत्र पाठवून परवानगी घ्यावी लागते, म्हणून तिकीट काढतानाच हे काम करा. परिसरात मोबाइल बंद ठेवावा लागतो, कारण त्याच्या लहरी दुर्बिणीच्या कामात अडथळा आणतात.

शिवनेरी सगळ्यांना माहीत आहे. महाराजांचा जन्म १६३० चा, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत हा किल्ला आहे. सात दरवाज्यांच्या पायऱ्यांच्या वाटेनं जा. साखळीची वाट पावसात मुलांसाठी नाही. दर दरवाज्याशी थांबून, शत्रू इथवर आला असता तर पुढं काय झालं असतं, एवढंच विचारा. उत्तरं मुलंच देतात.

नाणेघाटाला शनिवार-रविवार जाऊ नका. मंगळवारी-बुधवारी गर्दी नसते. धुकं असलं तरी हरकत नाही, कारण खरं बघायचं ते गुहेत आहे. सातवाहनांच्या काळातला, राणी नागनिकेशी जोडलेला ब्राह्मी लिपीतला लेख तिथल्या भिंतींवर कोरलेला आहे, आणि त्यातले अंक भारतात सापडलेल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी आहेत. आज जगभर, त्यांच्या गणिताच्या वहीतही, जे अंक लिहिले जातात त्यांच्या पूर्वजांपैकी काही या दगडावर आहेत. मुलांना ते बोटानं दाखवा, पण हात लावू देऊ नका. बाहेर दगडी रांजण आहे. कोकणातल्या बंदरांकडून चढून येणाऱ्या मालावरची जकात त्यात टाकत, असं सांगितलं जातं. घाट उतरून खाली जाण्याचा मोह पावसात आवरायचा.

आता धोक्यांचं. यात मी कडक आहे आणि तुम्हीही राहा.

पाणी पहिलं. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं डोळ्यांदेखत वाहून गेली. वर डोंगरात पाऊस वाढला की मिनिटांत लोंढा येतो. परदेशातली मुलं पोहायला शिकलेली असतात, त्यामुळे त्यांना आणि त्यांच्या आईबाबांना खोटा धीर असतो. तरणतलावातलं पोहणं इथं कामी येत नाही. धबधबा लांबून बघायचा, ओढ्यात उतरायचं नाही आणि पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी थांबवायची.

साप दुसरे. रात्री अंगणात जाताना बॅटरी आणि बूट लागतातच. जमिनीवर झोपवू नका. मण्यार रात्री घरात शिरते आणि झोपेत चावलेलं कित्येकदा कळतही नाही. खाटेवर मच्छरदाणी खोचून झोपवा, डासांचंही त्यातच निभावतं. दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू नका. हात किंवा पाय हलू न देता थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात जा. ते कुठलं, हे पहिल्याच दिवशी विचारून १०८ बरोबर फोनमध्ये लिहून ठेवा.

परदेशातलं मूल कुत्रं दिसलं की कुरवाळायला जातं. लेण्याद्रीला माकडं खाऊची पिशवी ओढतात. चावा किंवा ओरखडा आला तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. आणि बिबट्या. जुन्नरच्या उसात बिबटे राहतात, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अंधार पडल्यावर मुलांना एकटं बाहेर सोडायचं नाही, शौचालयापर्यंतसुद्धा नाही. त्यांना घाबरवू नका, पण इथली मुलं हाच नियम पाळतात हे सांगा.

पिण्याचं पाणी उकळलेलं किंवा सीलबंद. रस्त्यावरचा उसाचा रस बर्फामुळे नको. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए च्या लशींबद्दल त्यांच्या डॉक्टरांना निघायच्या महिना-दीड महिना आधी विचारायला सांगा.

शेवटी एक गोष्ट आपल्यासाठी. पाहुणे आले की घरात माणसं जमतात आणि मुलाला मध्ये उभं करून विचारलं जातं, “मराठी येतं का रे? बोलून दाखव बघू. तिकडं आवडतं की इकडं?” मूल गप्प होतं, मग ‘लाजाळू आहे’ असा शिक्का बसतो. घरातल्यांना हे प्रश्न न विचारण्याची विनंती आधीच करा. ते इंग्रजीत बोललं तर तुम्ही सावकाश मराठीत उत्तर द्या, त्याचं वाक्य सुधारू नका. गावातल्या दोन समवयस्क मुलांशी गाठ घालून द्या आणि तुम्ही बाजूला व्हा. क्रिकेट, कॅरम, वासराला पाणी पाजणं, काहीही चालेल. त्याच्याबरोबर एखादा तिकडचा मित्र आला असेल तर त्यालाही तेच काम द्या, पाहुण्यासारखं खुर्चीवर बसवू नका.

तिकिटं सहसा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. तेव्हाच गावात फोन लावा, यंदा रोप कधी टाकणार आणि लावणीला साधारण कोणता आठवडा धरायचा ते विचारा, आणि शहरातली जेवणं त्या आठवड्याच्या मागंपुढं सरकवा.